कंट्रोल माझ्याकडे

मोबाईल खाली ठेवणार असाल तर सांगतो, नाहीतर मी चाललो झोपायला. हे धुकं सकाळपर्यंत काही हटत नाही, उद्याची उड्डाणं रद्दच समजा. आणि मघापासून तुमचं काय चाललंय, तर म्हणे स्पिन, विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली पडणं, म्हणजे काहीच नाही. थ्रॉटल बंद, उलटा रडर, स्टिक पुढे, झालं! पाठ म्हणायला काय जातंय तुमचं? वर गेल्यावर जमीन गरगरत अंगावर येते ना, तेव्हा हात आपोआप स्टिक पोटाशी ओढतो. आणि ओढली की विमान काही बाहेर येत नाही. तीस वर्षं तुमच्यासारख्या शिकाऊ पायलटांची विमानं दुरुस्त केलीत मी, मला नका सांगू.

माझा मेहुणा याच क्लबात विमान चालवायला शिकवायचा. बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे घरात त्याच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती, आणि विमानात कुणाचीच नव्हती. पोरं त्याला तोफ म्हणायची. शिकवायचा जीव तोडून, पण एकदा तोंड सुटलं की ऐकवत नसे.

त्याची एक विद्यार्थिनी होती. लहानखुरी, हुशार, सांगितलेलं एक अक्षर न विसरणारी. स्पिनला मात्र घाबरायची. एक दिवस वर गेल्यावर तिनं स्टिक पोटाशी धरली ती सोडेचना. हा शेजारी बसून ओरडतोय, ‘सोड! मूर्ख मुली, सोड!’ कसंबसं विमान सरळ झालं, पण तोवर झाडं आली होती. हा वाचला. ती गेली.

चौकशीत यानं एकच धोशा लावला, तिनं सोडली नाही. घरीही तेच, जेवतानाही तेच. मी अगदी वैतागून गेलो. म्हटलं, अरे बाबा, कुणी विचारलंय का तुला? तर ताट सारून उठायचा.

पुढे ते विमान दुरुस्त झालं, नवा पंख बसला. ते दुसऱ्या धावपट्टीवरून इथं आणायचं होतं आणि कुणी पायलट मोकळा नव्हता. ‘मीच आणतो,’ म्हणाला. बहीण नको म्हणाली, मी नको म्हणालो. ऐकेल तर शपथ! गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, शेवटचा गुरुवार. दुपारी चारला निघाला. अंधाराच्या आत इथं उतरायचं, बस, एवढंच काम. पुढचं त्यानं मला त्याच रात्री हँगरच्या पायरीवर बसून सांगितलं, तसंच्या तसं सांगतो.

सवयीनं तो उजवीकडे बसला होता, शिक्षकाच्या सीटवर. डावी, विद्यार्थ्याची, रिकामी. हवा छान होती. अर्धी वाट झाली आणि याच्या डोक्यात पुन्हा तीच भुणभुण सुरू झाली. म्हणाला, उंची भरपूर आहे, एकदा दाखवतोच. स्टिक सोडली की हे विमान निमूट बाहेर येतं, चूक विमानाची नाही नि माझीही नाही. दाखवणार कुणाला, ते विचारू नका. वेग कमी केला, नाक वर उचललं, पायानं रडर दाबला आणि विमान फिरायला लागलं.

थ्रॉटल बंद केला. उलटा रडर दिला. स्टिक पुढे ढकलली.

गेली नाही.

‘अडकली असेल हो काका, केबल वगैरे...’

तू गप रे जरा! मेकॅनिक तू का मी? अडकलेली स्टिक हलत नाही. ही हलत होती. पुढे ढकलली की परत मागे ओढली जायची. दोन्ही स्टिका आतून जोडलेल्या असतात, ठाऊक आहे ना? यानं डावीकडे पाहिलं. तिकडची स्टिक पार सीटपर्यंत मागे आलेली.

थरथरत होती.

सीट रिकामी.

यानं काय केलं असेल? ओरडला. दुसरं येतं काय त्याला! ‘सोड! सोड म्हणतो ना!’

आणखी घट्ट.

शेत, रस्ता. शेत, रस्ता. जवळ यायला लागलं. यानं शिवी घातली.

आणखी घट्ट...

मग रडू फुटलं, म्हणाला. आणि तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिल्या दिवशी तुम्हाला काय शिकवतात? शिक्षक म्हणतो, ‘कंट्रोल माझ्याकडे.’ विद्यार्थी म्हणतो, ‘कंट्रोल तुमच्याकडे,’ आणि मग हात काढतो. ते शब्द ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही, काहीही झालं तरी. यानंच तिच्याकडून घोटून घेतलं होतं ते. आणि त्या दिवशी यानं तिला नाही नाही ते ऐकवलं होतं...

तेवढं मात्र म्हटलं नव्हतं.

हळू म्हणाला, ‘कंट्रोल माझ्याकडे, बाळा.’

...

कानात आलं.

‘कंट्रोल तुमच्याकडे, सर.’

स्टिक पुढे गेली.

इथं येऊन उतरला. सगळं तसंच टाकून खाली आला आणि मला म्हणाला, ‘भावोजी, लगेच सोडली हो तिनं. लगेच. मी तेव्हाच म्हटलं असतं तर...’ इतके महिने त्याच्या ज्या धोशाचा मला संताप यायचा, तो धोशा त्या रात्री संपला. त्यानंतर तो विमानात बसला नाही, आणि कुणावर आवाजही चढवला नाही.

विमान मीच आत ढकललं. कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. सकाळी केबल तपासायला मीच उघडलं. केबल ठीक होत्या. सगळंच ठीक होतं.

तुम्हाला माहीतच आहे, उतरल्यावर स्टिक मागे ओढून सीटच्या पट्ट्यानं बांधून ठेवतात, वाऱ्यानं शेपटीचे भाग आपटू नयेत म्हणून. ते काम विद्यार्थ्याचं. आदल्या संध्याकाळी विद्यार्थी कुणी नव्हता, मेहुणा काही न बांधताच उतरला होता, आणि मी आत हातही घातला नव्हता.

डावीकडची स्टिक मागे ओढून बांधलेली होती. शिकवतात तशी, नीट, दोन वेढे देऊन. गाठ मला काही सुटेना. शेवटी पट्टा कापावा लागला.