तीन नंबरचा व्हॉल्व्ह

"मोठ्या नळीतली गुठळी काढतोस, मग छोट्या नळीतली का नाही काढत?" तेजलने धागाला विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

धागा हा तासगावच्या दवाखान्यातला यंत्रमानव. मनगटाच्या धमनीतून (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीतून) तो केसासारखी बारीक, पोकळ तार थेट मेंदूपर्यंत सरकवायचा. मागच्या वर्षी शेजारच्या हौसाकाकूंच्या मेंदूतली रक्ताची गुठळी त्यानेच ओढून काढली होती. आज तेजलचे आबा आत झोपले होते. सकाळपासून त्यांना एक शब्द धड बोलता येत नव्हता, आणि धागा मात्र हात आखडून उभा होता.

"हौसाकाकूंची धमनी काडेपेटीतल्या काडीहून जाड होती," धागा म्हणाला. "आबांची शेवईएवढी आहे. भिंत पातळ, वाट वाकडी. ओढताना फाटली तर मेंदूत रक्त सांडेल. तुमच्या बागेत ठिबकचा ड्रिपर चोंदला, तर आबा टाचणी घालतात का?"

"छे! मी घातली तर लय चिडत्यात. भोक मोठं होतंय म्हणून. आधी पाइपातनं ॲसिड सोडत्यात."

"आम्हीही आधी औषध सोडतो. ते गुठळी विरघळवतं. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. उशीर झालेला असला, तर त्याच औषधाने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वेळ अचूक लागते."

डॉ. मुजावर कागदावर बघत होत्या. "आईंनी अकरा सांगितलेत. बरोबर ना, तेजल?"

अकरा ही वेळ तिनेच आईला सांगितली होती. आबा कायम तिची फिरकी घेत. सकाळी द्राक्षबागेत ते "त्ये... त्ये..." करत चाचपडायला लागले, तेव्हा तिला वाटलं, आजही थट्टाच चाललीय. ती पोट धरून हसली होती. खरं सांगितलं तर सगळे काय म्हणतील? आणि नाही सांगितलं तर?

"अकरा न्हाई," ती म्हणाली. "दहा. बागंच्या पाण्याचा तीन नंबरचा व्हॉल्व्ह आबा दहाला उघडत्यात. उघडताना नीट बोलत हुते. लगेच पुढं अडखळाय लागले. मी हसत बसले ओ, म्हणून आईला उशिरा सांगितलं."

आईने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला जवळ ओढलं.

"आत्ता बारा वाजलेत. म्हणजे दोन तास झाले, अजून औषध देता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "खरं सांगितलंस, फार बरं केलंस."

औषध दिलं. अर्धा तास गेला. यंत्राने काढलेल्या मेंदूच्या नव्या चित्रातही गुठळी जागची हलली नव्हती.

"नळी छोटी आहे, पण तिच्यावर आबांचं सगळं बोलणं अवलंबून आहे," डॉक्टर आईला म्हणाल्या. "धोका आहे. तरी तारेने आत जाऊन पाहावं असं मला वाटतं." आईने होकारार्थी मान हलवली.

"ओढणार नाही, अलगद शोषून घेईन," धागा म्हणाला. "दोनदाच. तिसऱ्यांदा भिंत सोसणार नाही."

पहिल्यांदा तार रिकामी परतली. तेजलने डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा गुठळी तारेबरोबर बाहेर आली, आणि पडद्यावरच्या त्या बारीक नळीतून रक्त हळूहळू पुन्हा वाहायला लागलं.

"आता आबा बोलतील?"

"माहीत नाही," धागा म्हणाला. "उपाशी राहिलेल्या पेशी (शरीराचे सूक्ष्म घटक) किती तगल्या, ते कळायला वेळ लागेल. छोट्या नळीत कुणासाठी शिरावं आणि कुणासाठी औषधावर थांबावं, हे आम्ही अजून शिकतोय. आज आबांकडून थोडं शिकलो. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल."

संध्याकाळी आबांनी डोळे उघडले. तेजलकडे बघत ओठ हलवायला लागले. "त्ये... त्ये..."

या वेळी ती हसली नाही. त्यांचा हात धरून नुसती थांबली.

"तीन..." आबा कष्टाने म्हणाले. "तीन नंबर... बंद केला का?"

व्हॉल्व्ह सकाळपासून उघडाच होता. बागेत तळं झालं असणार.

"न्हाई ओ आबा, राहिला," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आबा मात्र चांगलेच चिडले होते.