विसाव्यावरचा चौक

भुताला मी भीत नाही. अख्ख्या मखमलाबादेत माझ्यासारखा छातीचा माणूस शोधून दाखवा. आता रात्री अंगणात जायचं झालं की तुमच्या आजीला, अंबूला उठवतो, ती गोष्ट वेगळी. तिलाही जरा वारा लागायला नको का?

हसू नको, सृष्टे. जीवन, मोबाईल खाली ठेव. ही आल्हाद इंजिनिअरची गोष्ट. घडलेली.

शेजारचा शेवंतीचा मळा विकला, तिथं प्लॉट पाडायला तो आला होता. पहिलंच काम. पोरगं हुशार, पण रोमच्या नादाला लागलेलं. मला म्हणायचा, "पुंजारामबाबा, जुने रोमन लोक नवं शहर वसवताना आधी दोन मोठे रस्ते आखायचे. उत्तर-दक्षिण तो कार्डो. पूर्व-पश्चिम तो डेकुमानस. दोन्ही छेदतात तिथं चौक, आणि भोवती बुद्धिबळाच्या पटासारखी घरं."

मी म्हटलं, "आणि त्यांची मढी कुठून जायची?"

"शहराच्या बाहेर पुरायचे."

"बाहेर न्यायला वाट लागतेच की, साहेब!"

विचारायला कारण होतं. त्या मळ्यातून एक तिरकी पायवाट गोदेच्या काठाला जायची. मळेकऱ्यांची तिरडी तिथूनच निघे. मध्यावर विसावा. तिथं तिरडी टेकवायची, पुढच्यांनी मागं व्हायचं, मागच्यांनी पुढं, आणि उचलायची. आल्हादचा चौक बरोब्बर त्या विसाव्यावर आला. वाट चौकोनांत गडप.

चौकाचं काँक्रीट करून झालं. मग रस्त्यांच्या खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. सकाळी बघावं तर जुन्या वाटेवरच्या तेवढ्याच खुंट्या उपटलेल्या. चार दिवस हेच. नाव कोणाचं? माझं! गावात बकरीला चष्मा लागला तरी नाव माझंच.

"बाबा, शनिवारी मोठे साहेब आखणी तपासणार. दोरी हलली तर माझं काम गेलं," आल्हाद म्हणाला. साखरेचा डबा उघडा दिसला की अंबू बघते ना, तसा बघत होता.

शुक्रवारी रात्री तो स्वतःच राखणीला बसला. गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख. अमावस्या. जवळ बॅटरी, चहाचा थर्मास, आणि मी सापडणार ही खात्री.

सव्वाबाराला पावलं वाजली. अनवाणी. एका चालीत.

"या बाबा, या. ओळखलं तुम्हाला!"

पावलं तशीच पुढं आली.

त्यानं बॅटरी मारली. तिघं जण. खांद्यावर तिरडी. चौथा कोपरा... मोकळा. तरी तिरडी सरळ.

"नदी कुठंशी?" एकानं विचारलं.

"सरळ... मग डावीकडं."

ते गेले. सरळ. डावीकडं. सगळे रस्ते सारखे. सगळे कोपरे सारखे...

परत चौकात.

"नदी कुठंशी?"

"उजवीकडं..."

परत चौकात.

आता त्यांनी तिरडी टेकवली. तिघंही त्याच्याकडं बघत उभे.

"वाट तू मोडली. एक खांदा दे."

मढ्याला खांदा नाकारत नाहीत, पोरांनो. वैऱ्याच्याही नाही. आल्हाद म्हणाला, "नाही."

आणि पळाला.

मागून शांतपणे कुणी बोललं... "मग दुसरा बघू."

सकाळी खुंट्या जागच्या जागी. दोऱ्या ताठ. पण चौकात पावलं उमटलेली. काँक्रीट वीस दिवसांचं, पहार हाणली तर ठिणगी उडेल असं. त्यात बोटभर खोल, चार जोड्या. तीन अनवाणी. चौथी चपलेची.

आल्हादच्या पायात तर बूट होते.

साहेबांनी चौक बघितला आणि काम काढून घेतलं. जाताना पोरगं आपल्या दारात आलं. डोळे लाल. रात्रीचं सगळं सांगितलं. "बाबा, तुम्हीच ना?" मी म्हटलं, "लेकरा, तुझी शपथ, मी रात्रभर घरात घोरत होतो."

ही बघा, अंबू आलीच आतून, हात पुसत.

"घोरत होते म्हणे! त्याच पहाटे चारला ओट्यावर बसलेले सापडले. उजवा खांदा सोललेला. हळद मी लावली. आता सांगा की पोरांना, कोणाला पोचवून आलात?"