यादीत नसलेला डावखुरा

"तुम्हीच का त्या... 'होतकरू नाही'?"

मी वर पाहिलं. एप्रिलचा दुसरा बुधवार, सकाळचे साडेदहा. मांड्यांवर घोंगडी, हातात कॉफी, आणि समोर धुक्यात अर्धं बुडालेलं मैदान. प्रश्न विचारणारा माझ्याहून दोन हात उंच होता. टोपी कपाळावर ओढलेली, बगलेत एक फळी आणि कानामागे पेन्सिल.

"तुमच्या लेखातलं पूर्ण वाक्य असं होतं," तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत म्हणाला. "'वेंडेल प्रुइट. वय चोवीस. होतकरू नाही. संघाला एक डावखुरा लागतो, म्हणून आहे.' माझ्या बहिणीनं छापून फ्रीजवर लावलंय."

"राग आला होता?"

"मला नाही. तिला. तुम्ही भेटलात तर केस उपटेल तुमचे."

"चूक काय होतं त्यात?"

त्यानं खरोखर विचार केला. "वय. मी तेव्हा पंचवीस पूर्ण केली होती. एक वर्ष लहान केलंत... आभारी आहे."

माझं नाव डोरिट हाल्वर्सन. मी सहा वर्षं एका साइटसाठी बेसबॉलच्या खालच्या लीगमधल्या पोरांबद्दल लिहिते – कोण वर जाणार, कोण घरी जाणार. हार्लन्स बेंड हे आमचं नदीकाठचं गाव, हेरॉन्स हा आमचा संघ, आणि बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागची तिसरी रांग ही माझी जागा. उद्या ज्या पिचरला चेंडू टाकायचा असतो, त्यानं आज प्रेक्षकांत बसून आपल्या संघाच्या प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायची, अशी रीत आहे. वेंडेलची पाळी गुरुवारची. म्हणजे संघ घरी असेल त्या बुधवारी तो माझ्या शेजारी येऊन बसणार, हे वेळापत्रकातच लिहिलेलं होतं. मी काही बोलावलं नव्हतं.

"पोरी, याला गप्प बसव, नाहीतर उठव तरी," पलीकडून बड शिमान्स्की गुरगुरला. बड दुसऱ्या एका क्लबचा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा. वय अडुसष्ट, हातात वेग मोजायची गन, आणि तोंडात अखंड कुरकुर. त्याच्यावर माझा फार जीव आहे, पण ते त्याला सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी वेंडेलनं नऊ जणांना बॅट हवेत फिरवायला लावून परत पाठवलं – नऊ स्ट्राइकआउट. मी वहीत नऊचा आकडा लिहिला आणि पुढे कंसात 'एप्रिल'. थंडीत बॅटरचे हात बधिर होतात, आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या पोरांना तर चार अंशांत बॅटच धरवत नाही. पहिल्या पंधरवड्यातले आकडे बघून नाचणारे लोक दरवर्षी भेटतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी त्यांतली नाही, याचा मला थोडा गर्वच होता.

पुढचा आठवडा संघ बाहेरगावी. मी त्याला स्क्रीनवर पाहिलं. आठ. पुन्हा कंसात 'एप्रिल' लिहिलं, पण जरा बारीक अक्षरात.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळची मॅच शाळांसाठी होती. दोन हजार पोरं एकदम किंचाळत होती. त्या गदारोळात वेंडेल एक डबा घेऊन आला.

"बहिणीनं पाठवलाय. पीकनच्या दाण्यांचा केक."

"माझ्यासाठी?"

"तिला सांगितलं, पत्रकारांना लाच द्यायचीय. ती म्हणाली, त्या बाईला विष घालून देते. थांब, मी आधी एक घास खातो."

तो घास खाऊन गंभीर चेहऱ्यानं वाट बघत बसला. मग मान हलवली. "खा. जिवंत आहे मी."

तिसऱ्या डावात पाऊस आला. मैदानावर ताडपत्री ओढली गेली, आणि पोरं छपराखाली पळाली. आम्ही छपराखालीच होतो. पत्र्यावरून पाण्याची झालर गळत होती, आणि आमच्या दोघांत माझी घोंगडी होती – निम्मी त्याच्या गुडघ्यांवर. ती तिथे कशी गेली ते मी पाहिलं नाही.

"खरं सांग," मी म्हटलं. "गेल्या वर्षी तुझा तो वळणारा चेंडू आजोबांनाही मारता आला असता. आता काय झालं?"

"बातमीसाठी विचारतेस?"

"मला दुसरं काही विचारताच येत नाही."

त्यानं खिशातून चेंडू काढला. "हात दे." मी दिला. त्यानं तो माझ्या तळव्यात ठेवला आणि माझी बोटं एकेक करून शिवणीवर बसवली. हे बोट इथे. हे जरा मागे. अंगठा नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. "हिवाळाभर मेहुण्याच्या गॅरेजमध्ये गादीवर मारत होतो. चारशे रोज. बहीण म्हणायची, गादीनं तुझं काय वाकडं केलंय?" त्याची बोटं थंड होती, टोकांना घट्टे होते. चेंडू नीट बसला तरी त्यानं हात काढला नाही. मीही नाही.

"मेहुणा कोण?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"डेल. घराघरांत एसी बसवतो. मला भागीदार करायला तयार आहे. मे संपेपर्यंत कळव म्हणाला. त्यानंतर तो दुसरा माणूस बघणार." तो पावसाकडे बघत होता. "सव्विसाव्या वर्षी या लीगमध्ये असलेल्या माणसाला कोणी सांगत नाही गं, की थांब की जा. सगळे आपले पाठीवर थाप मारतात. तू एकटीच काय ते तोंडावर लिहितेस. म्हणून मी ठरवलंय... तुझी यादी येईल, ती बघायची, आणि मग डेलला फोन करायचा."

"असं कोणी करतं का? वेडा आहेस?"

"डावखुरा आहे," तो म्हणाला.

"पाऊस थांबला," बड ओरडला. "हात सोडा आता, पेन्सिली धरा."

मोसमाचे सहा आठवडे झाले की माझी यादी निघते. साऱ्या लीगमधली पंधरा होतकरू पोरं, क्रमानं. त्या रविवारी मी सकाळपासून टेबलाशी बसले होते. वेंडेलचे आकडे समोर होते. सहा सामने, बेचाळीस स्ट्राइकआउट. मे उजाडला होता, हवा तापली होती, आता कंसात लिहायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचे हे आकडे असते, तर मी डोळे मिटून त्याला सहावा टाकला असता. पण हा चेंडू मला आवडतो की चेंडू धरणारा हात, हे मला ठरवता येईना. त्याचं नाव मी नवव्या क्रमांकावर लिहिलं, खोडलं, बाराव्यावर लिहिलं. उद्या कोणी म्हटलं की हाल्वर्सनबाईंनी आपल्या माणसाला घुसवला, तर सहा वर्षांची अब्रू पाण्यात. शेवटी मी त्याचं नाव गाळलं, यादी पाठवली आणि स्वतःला फार प्रामाणिक समजून झोपले.

बुधवारी तो आला. मान लववून "नमस्कार" म्हणाला आणि माझ्यापुढे, खाली पहिल्या रांगेत जाऊन बसला.

नऊ डाव मी त्याच्या टोपीचा मागचा भाग पाहिला. एकदाही वळला नाही. फळीवर खाली मान घालून लिहीत होता, इतका शहाण्यासारखा, की मला रडू यायला लागलं. मला! मी चारशे पोरांना घरी जाताना पाहिलंय, आणि त्यांच्या आयांच्या शिव्या शांतपणे वाचल्यात.

"तू त्याला यादीत का नाही घातलंस?" बडनं विचारलं.

"विचाराधीन होता."

"मी एप्रिलमध्येच वरती लिहून पाठवलं त्याच्याबद्दल. तुझ्या यादीवर कोणी स्काउट चालत नाही पोरी, गैरसमज नको." त्यानं गन पिशवीत घातली. "पण तो चालतो. गाढव आहे. आणि तू त्याच्याहून मोठं."

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादक लोरेनचा फोन आला.

"डोरिट, बेचाळीस स्ट्राइकआउट. मला वाचकांची अकरा पत्रं आलीत. काय भानगड आहे?"

"वय जास्त आहे त्याचं."

"पाचव्या क्रमांकावरचा पोरगा त्याच्याहून चारच महिन्यांनी लहान आहे. ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?"

मी मग सगळं सांगून टाकलं – पाऊस, केक, घोंगडी, डेल. लोरेननं मध्ये एकदाही टोकलं नाही, हे तिच्या बाबतीत नवलच.

"तुला तो आवडतो," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मग त्याच्याबद्दल लिहायचं नव्हतंस, आणि हे मला आधी सांगायचं होतंस. म्हणजे मी दुसरा माणूस बसवला असता. तू दोन्ही केलं नाहीस. तू त्याच्याबद्दल लिहिलंस, फक्त खोटं लिहिलंस."

"दुरुस्ती छापशील?"

"छापीन. पण कारणासकट. आणि मग ते मैदान तुझं नाही, हेरॉन्सवर दुसरं कोणी लिहील. तुला दोन तास गाडी हाकत पलीकडच्या गावांना जावं लागेल. तुझी ती तिसरी रांग जाईल. विचार कर."

मी विचार केला. त्या जागेवरून नदी दिसते, बडची कुरकुर ऐकू येते, आणि चेंडू नेमका कुठे वळतो ते कळतं. मला ती जागा माझ्या घरापेक्षा आवडत होती. पण महिनाअखेर दहा दिवसांवर आली होती, आणि एक माणूस माझ्या भित्रेपणाला खरं मत समजून फोन उचलणार होता. मी चार ओळी लिहिल्या. पुन्हा न वाचता पाठवून दिल्या.

सोमवारी छापून आलं:

"दुरुस्ती. मागच्या यादीत वेंडेल प्रुइट हे नाव सहाव्या क्रमांकावर असायला हवं होतं. त्याचा नवा चेंडू या लीगमध्ये अजून कोणालाही कळलेला नाही. मी ते नाव वगळलं, कारण हा माणूस मला आवडतो, आणि पक्षपात केला असं कोणी म्हणू नये म्हणून मी त्याच्यावर अन्याय केला. यापुढे हेरॉन्सबद्दल मी लिहिणार नाही. – डोरिट हाल्वर्सन."

दुपारी फोन वाजला. मागे ट्रकांचा घरघराट होता.

"पेट्रोल पंपावर आहोत," वेंडेल म्हणाला. "बसमध्ये सव्वीस जण आहेत. सव्वीसांनी वाचलं. कॅचरनं उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा."

"अरे देवा."

"ड्रायव्हरनं विचारलं, सहावा का? पाचवा का नाही?"

"पाचव्याचा वेग जास्त आहे," मी म्हटलं. तो इतका हसला की मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बरं झालं, फोनवर होते.

"डोरिट, तुझी जागा गेली ना?"

"गेली."

"माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे. तू नको मोठेपणा घेऊस."

"डेलला मी नाही म्हणून कळवलं. यादीमुळे नाही. तो सहावा वगैरे मी दुसऱ्यांदा वाचलाच नाही." ट्रक गेला. "तिसरी ओळ मात्र बसमध्ये चढल्यापासून वाचतोय. मलाही तू आवडतेस. पहिल्या बुधवारपासून. ते फ्रीजवरचं वाक्य मी तुझ्याशी बोलायला निमित्त म्हणून पाठ केलं होतं."

मागून कोणीतरी हाका मारत होतं, बस सुटत होती. "पुढच्या गुरुवारी ये," तो घाईघाईनं म्हणाला. "मी टाकतोय. खिडकीवर तुझ्या नावाचं तिकीट असेल."

खेळाडूंच्या घरच्यांसाठी आमच्याकडे वेगळी खिडकी असते. मी सहा वर्षांत तिथे कधी उभी राहिले नव्हते. खिडकीतल्या हेटीबाईंनी वही उलटवून माझ्यासमोर ठेवली. खेळाडूचं नाव, पाहुण्याचं नाव, नातं. वेंडेल प्रुइट. डोरिट हाल्वर्सन. पुढचा रकाना कोरा.

"इथे काय लिहू, विचारलं त्याला," हेटीबाई म्हणाल्या. "म्हणाला, तिलाच लिहू द्या. लवकर आटप गं, मागे कॅचरची आई उभी आहे."

मी पेन घेतलं आणि लिहिलं – 'त्याची'.

हेटीबाईंनी चष्मा लावून वाचलं. "हे काही नातं नव्हे," त्या म्हणाल्या, आणि तिकीट दिलं.

घरच्यांची जागा पहिल्या बेसच्या बाजूला, उन्हात आहे. तिथून चेंडू कुठे वळतो ते अजिबात कळत नाही. वेंडेल मैदानात आला, आणि मी उभी राहिले. पहिलाच चेंडू बॅटरनं असा टोलावला की तो कुंपण ओलांडून नदीच्या रस्त्यावर गेला. आमची सगळी रांग हळहळली. मी मात्र दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते.

"अगं," कॅचरची आई माझी बाही ओढत म्हणाली, "तो आपल्याविरुद्ध गेला."

"माहितीये," मी म्हटलं, आणि वाजवतच राहिले. वेंडेलनं वळून आमच्या रांगेकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि एवढा मार खाऊनही तो हसत होता.