जलपटावरचा फेर

भात झोडून झालं की पाड्यावर तारपा नाच व्हायचा, तसा तो यंदाही होणार होता. या वेळी मात्र सारवलेल्या खळ्यात मेणकापडासारखा पातळ जलपट अंथरला होता. जमिनीखालच्या खडकांत साठलेलं पाणी त्यावर निळ्या उजेडात दिसे, आणि पटावर कुणी नाचू लागलं की तिथे एक पंप सुरू झाल्यासारखं चित्रातलं पाणी उपसलं जाई.

तो पाणी-सर्वेक्षणाच्या ऋजुता मॅडमनी आणला होता. बाटलीबंद पाण्याचा एक कारखाना डोंगराच्या पायथ्याशी विंधणविहिरी मागत होता आणि ग्रामसभा जवळ आली होती. मॅडमनी शाळेत आकडे दाखवले, तेव्हा लोक माना डोलावत बसले. नाचात पुढे असणाऱ्या देवकी वाघातने मग विचारलं होतं, "हे खळ्यात अंथरलं तर चालेल? बसून आमच्या ध्यानात येत नाही."

जान्याकाकांनी तारपा फुंकला. कमरेला हातांचा विळखा घालून फेर निघाला. आधी सगळे पटावर दिसणाऱ्या आपापल्या विहिरींवर नाचले. निळाई थोडी ओसरली, पुन्हा भरली. मग देवकीने फेर कारखान्याने मागितलेल्या जागेवर नेला. सूर चढला, पावलं जोरात पडू लागली, आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला निळा रंग विटत गेला.

"ती माझी विहीर," फेरात नाचणारी बारकी म्हणाली. तिचे पाय थांबले. "आपण तर इतक्या लांब नाचतोय."

"खडकातली भेग तिथपर्यंत जाते," ऋजुता मॅडम म्हणाल्या.

देवकीने खूण केली, सूर संथ झाला. एकेक जण बाहेर पडला. दोघीच उरल्या, तेव्हा बारकीची विहीर निळी झाली. पुढे कितीतरी वेळ लोक आत-बाहेर करत, हसत, वाद घालत आपली जमीन किती सोसेल ते अजमावत राहिले.

ग्रामसभेत बारकी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली. कारखान्याला दोनच विंधणविहिरी, त्याही पाण्याची पातळी बघून, असा ठराव तिने मांडला आणि तो मंजूर झाला. कारखान्याच्या माणसाने अट मान्य केली. जाताना असा जलपट कुठे बनवून मिळतो, तेवढं त्याने विचारलं.

आता शेजारच्या गावांतून नाचाला बोलावणी येतात. देवकी खुशीत असते. परवा मात्र तारप्याला मेण लावणाऱ्या काकांना ती म्हणाली, "उद्या कारखान्यानेच पट आणला, कितीही नाचलं तरी निळाच राहणारा, तर?"

काकांनी मेण बोटाने दाबून बसवलं. "तर नाच थांबवून, हे पाणी ओसरत कसं नाही, ते विचारावं लागेल. थांबवशील ना?"