वाट बघू नकोस

मी बोलघेवडी आहे, हे तुला मी वेगळं सांगायला नको. नर्सच्या कामात हा काही दुर्गुण नव्हे. पेशंटला सुई टोचेपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवावं लागतं. पण एक घर असं होतं, की तिथे माझीसुद्धा बोलती बंद झाली. बस. दिवा जरा इकडे सरकव, ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला की मला सांगायला बरं पडतं.

तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा जहाजावर, इंजिनरूममध्ये फिटर. मोबाइल वगैरे नव्हते. जहाज कुठल्या बंदराला लागलं की तो रविवारी आमच्या खालच्या औषधांच्या दुकानात फोन करायचा, दुकानदारीणबाई जिन्यातून हाक मारायच्या आणि मी अनवाणी धावत सुटायचे. त्या थंडीत मात्र दोन रविवार हाक आली नव्हती. घरी बसलं की नको नको ते मनात यायचं, म्हणून आलं ते काम घेतलं.

काम साधं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून घरी आणलं होतं. त्यांची पुतणी शाळेत मुख्याध्यापिका. ती सकाळी जायची, ती संध्याकाळी सातला यायची. तेवढा वेळ मी.

पहिल्या दिवशी दारातच ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. काका बोलत नाहीत."

"मुके आहेत?"

"नाही हो. काकू गेली त्या दिवसापासून बंद केलंय. चौदा वर्षं झाली. पाटीवर लिहितात. तुम्ही मनावर घेऊ नका."

मी कसलं मनावर घेतेय! एक बोलायला आणि एक ऐकायला, संसार यावरच तर चालतो. मी काकांना वॉकर धरून उभं करायचे, चार पावलं चालवायचे आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवायचे. नवरा, जहाज, दुकानदारीणबाई, सगळं सांगून झालं. ते मन लावून ऐकत. शिडशिडीत माणूस, मोठे कान, आणि ओठ असे मिटलेले की जणू आतून कडी घातलीय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते म्हणे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली, आणि आता हे असं.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एका तिकोनी टेबलावर जुना काळा फोन होता. जड, चकतीवाला. पुसताना मी पाहिलं, त्याची वायर भिंतीपासून वीतभर अंतरावर कापलेली होती. दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. अगदी नीट, कारागिराने गुंडाळावी तशी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वाजला.

थंडीचे दिवस, साडेपाचलाच अंधारून आलेलं. बाहेर धुकं खिडकीच्या काचेला नाक लावून उभं. मी स्वयंपाकघरात गोळ्यांची बाटली उघडत होते. ट्रिंग... ट्रिंग... मला वाटलं, शेजारचा असेल. पण आवाजाबरोबर तिकोनी टेबलाचा एक सैल पाय फरशीवर थरथरत होता, तो मला ऐकू येत होता. मी दारात आले. काका खुर्चीत ताठ बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन वाजून वाजून थांबला, तेव्हा त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "उचलू नका."

"पण काका, त्याची तर वायर..."

त्यांनी त्याच दोन शब्दांखाली रेघ मारली.

मी पुतणीला विचारलं. ती म्हणाली, तो फोन? तो तर काकू गेली तेव्हापासून बंद आहे. तिच्यासमोर तो कधी वाजलाच नव्हता. काम सोडावं असंही मनात आलं, पण काकांचा पाय आता कुठे जमिनीवर ठरायला लागला होता. आणि भीतीला सवय लागते बघ. रोज साडेपाचला वाजायचा, पंधरा-वीस घंटा, आणि थांबायचा. मी तेवढा वेळ मोठमोठ्याने बोलत राहायचे.

मग एके दिवशी काकांनी कपाटातल्या एका पुस्तकाकडे बोट दाखवलं. वाचून दाखवा, अशी खूण केली. जुन्या गोष्टींचं पुस्तक होतं, काकूंचं. राजकन्या, जादूगार, सोंगं, फसवाफसवी. एका गोष्टीत राजकन्येचा जीव माळ्यावर जडलेला असतो. एक जादूगार काळोखात माळ्याचा आवाज काढतो आणि भिंतीपलीकडून तिच्याकडून लग्नाचा शब्द घेतो. सकाळी तिला कळतं. ती शब्द मोडत नाही, त्याच्याशी लग्न करते. पण जन्मभर त्याच्याशी अवाक्षर बोलत नाही. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, जिथे जिथे 'बोलली नाही' असं होतं, तिथे पेन्सिलीची रेघ होती. पुस्तकभर. कुणी शब्द दिला की रेघ, कुणी मौन धरलं की रेघ.

"काकूंनी मारल्यात का या?" मी विचारलं.

त्यांनी पाटी घेतली. लिहायचं, मला दाखवायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. तासभर तेच चाललं होतं. खडूचा चुरा त्यांच्या मांडीवर साचला.

काकूंचं लग्न दुसऱ्याशीच ठरलं होतं. तो लांबच्या गावी नोकरीला. आठवड्यातून एकदा त्याचा ट्रंककॉल यायचा, आणि जोडून द्यायचे हे काका. ऐकता ऐकता ह्यांचाच जीव तिच्यात गुंतला. त्यांना नकला चांगल्या यायच्या. एका संध्याकाळी त्यांनी त्याचा कॉल जोडलाच नाही. त्याला सांगितलं, लाइन मिळत नाही. आणि तिच्याशी त्याच्या आवाजात स्वतःच बोलले. मग दर आठवड्याला. आणि शेवटी त्याच आवाजात म्हणाले, "मी परत येत नाही. माझी वाट बघू नकोस. शब्द दे, की आजपासून वाट बघणार नाहीस." तिने रडत रडत शब्द दिला. वर्षाने ह्यांच्याशी लग्न केलं. तो खरा माणूस परत आला, पण लग्न झालेलं बघून तिच्या दारातून मागे फिरला, एक अक्षर न बोलता.

"त्यांना कळलं कसं?" मी विचारलं.

पाटीवर अक्षरं उमटली. "मला ताप आला होता. तापात त्याच्या आवाजात बडबडलो."

त्या सकाळपासून काकू बोलल्या नाहीत. नऊ वर्षं. घर सांभाळलं, ह्यांच्या आजारपणात उशाशी बसल्या, पण शब्द नाही. शेवटच्या दिवशी हे त्यांचा हात धरून म्हणाले, तू बोलल्याशिवाय आता मीही बोलणार नाही. त्यांनी डोळे मिटले ते तसेच. घरी येऊन ह्यांनी फोनची वायर कापली. आणि दुसऱ्या दिवसापासून तो वाजायला लागला.

खरं सांगू? मला त्यांचा राग आला. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढे काहीच बोलले नाही. सातपर्यंत. त्या घरात दोघंही गप्प बसले की काय होतं, ते मला तेव्हा कळलं. भिंतीसुद्धा कान देऊन बसल्यासारख्या वाटत होत्या.

तिसरा रविवारही कोरडा गेला. दुकानदारीणबाईंनी हाक मारली नाही. सोमवारी मी कामावर गेले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. साडेपाचला काकांचा डोळा लागला होता. फोन वाजला.

तू म्हणशील, सगळं माहीत असताना उचललास कशाला? मी स्वतःला तेच विचारते. तीन रविवार वाट बघणाऱ्या बाईच्या शेजारी फोन वाजला, की हात आधी जातो, अक्कल मागून पोचते.

रिसीव्हर बर्फासारखा गार होता. कानाला लावला तर नुसती खरखर, दूरवर पाणी आपटावं तशी. आणि एक वास आला, बंद कपाटात वर्षानुवर्षं ठेवलेल्या कपड्यांचा. मग त्या खरखरीतून...

"बडबडे... ऐकतेस ना?"

माझा नवरा. मला बडबडे म्हणणारा जगात एकच माणूस होता. ते मी काकांनासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"अरे, कुठे आहेस तू? तीन आठवडे..."

"मी परत येत नाही."

"काय?"

"माझी वाट बघू नकोस. शब्द दे... की आजपासून वाट बघणार नाहीस."

तीच वाक्यं. दोन दिवस आधी पाटीवर वाचलेली, अक्षर न अक्षर तीच. मला कळत होतं, हा तो नाही. पण कळणं वेगळं, आणि कानात आपल्या माणसाचा आवाज पडणं वेगळं. तो वाक्याच्या शेवटी श्वास घेताना थोडा अडखळतो, तसा हा आवाज अडखळत होता. माझ्या तोंडातून 'हो' बाहेर पडणार...

"बोलू नका!"

इतका गंजलेला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. कुणीतरी विहिरीवरचा जुना रहाट फिरवावं तसा. मागे वळले तर काका उभे. वॉकर खुर्चीपाशीच. ऑपरेशनच्या पायावर भिंतीचा आधार घेत आलेले, घामाने डबडबलेले.

"तो नाही तो," ते म्हणाले. "हे कसं करतात ते मला माहीत आहे. मीच केलंय."

त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. मी त्यांना कमरेला धरलं, नाहीतर पडलेच असते.

"मी बोलतोय," ते फोनमध्ये म्हणाले. "माझ्याच आवाजात बोलतोय. तू बोलल्याशिवाय बोलणार नाही म्हणालो होतो, तो शब्द मोडला. मोडू दे. या पोरीला सोड. हिने तुझं काय बिघडवलंय?"

पलीकडे खरखर.

"तू शब्द दिला होतास तो त्याला. मला नाही. मी चोरला. माफी मागायचं तोंड नाही माझं... पण तो शब्द मी तुला परत करतोय. ऐकतेस? तू मोकळी आहेस. कधीच मोकळी होतीस."

खरखर थांबली. काका ऐकत उभे होते. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आधी भुवया, मग हनुवटी. ते लहान मुलासारखे मान हलवत "हो... हो..." म्हणाले. रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. "काय म्हणाल्या?"

"म्हणाली..." त्यांना हसू आणि रडू एकदमच येत होतं. "म्हणाली, घसा बसलाय तुमचा. गरम पाणी प्या."

मी पाणी गरम केलं. निम्मं ओट्यावरच सांडलं. सातला पुतणी आली, आणि काकांनी तिला तिच्या लाडाच्या नावाने हाक मारली, तेव्हा तिच्या हातातली पिशवी गळून पडली. वह्या घरभर झाल्या आणि कुणी उचलल्या नाहीत.

घरी पोचले तर दुकानदारीणबाई दारातच उभ्या. "अहो, होतात कुठे? तुमच्या ह्यांचा फोन येऊन गेला मघाशी! इंजिन बिघडून जहाज अडकून पडलं होतं म्हणे. सुखरूप आहेत. पंधरा दिवसांत येताहेत." माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच पायरीवर बसकण मारली आणि त्यांच्या पदराने डोळे पुसले. त्या म्हणत होत्या, अहो माझा पदर, माझा पदर.

तो फोन पुन्हा वाजला नाही. काका मात्र असे सुटले, की विचारू नकोस. चौदा वर्षांचं साचलेलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांचं सुरू! पुतणी म्हणायची, तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता तरी कसं आणि ऐकतं कोण? पुढे सहा वर्षं जगले. त्या परत गेलेल्या माणसाचा पत्ता त्यांनी शोधून काढला आणि त्याला सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. "न का येईना," ते म्हणाले, "सांगायचं माझं काम होतं."

नवरा ठरल्या दिवशी आला. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेला. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही निवांत बसलो होतो. मी त्याला काकांचं काही सांगितलं नव्हतं अजून. कुठून सुरुवात करावी, तेच कळेना. तर तोच म्हणाला,

"बरं झालं तू त्या दिवशी बंदरात फोन केलास. फार खचलो होतो मी. तुझा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला. लगेच दुकानात फोन लावला, तर तू नव्हतीस."

मी पेला खाली ठेवला. त्याच्या बंदराचं नाव मला माहीत नव्हतं, तर नंबर कुठला असायचा?

"कधी रे?"

"सोमवारी. ऑफिसातल्या माणसाने मला बोलावून आणलं. संध्याकाळी, साडेपाच-सहा असतील."

त्या वेळी तर मी काकांच्या त्या फोनपाशी उभी होते.

"आणि... काय म्हणाले मी?"

"विसरलीस? एक शब्द दे म्हणालीस. मी दिला."

"कसला शब्द?"

तो हसला. माझ्या डोक्यावर टपली मारली. "वा गं वा! परीक्षा घेतेस? कुणाला सांगायचं नाही, तुलासुद्धा नाही, हेच तर तू कबूल करून घेतलंस."

हसण्यावारी नेलं त्याने. मीही हसले तेव्हा. सुखाचा संसार झाला आमचा, खोटं कशाला बोलू? त्यानंतर मी किती प्रकारे विचारलं असेल. लाडाने, रागाने, आजारपणात उशाशी बसून. तो नुसता माझ्याकडे बघतो आणि विषय बदलतो.

तीस वर्षं झाली. माणूस शब्दाचा पक्का आहे.