गंगव्वाच्या नावावर उघडलेलं दार

शाल्मलीचा तन्मणी बुधवारी गेला. गंगव्वाची अब्रूही बुधवारीच गेली. पैकी तन्मण्यासाठी सगळी इमारत धावली.

अब्रूसाठी बंगळुरातल्या बसवनगुडीहून वीणा हुक्केरी निघाल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्या लोकांच्या भानगडी सोडवत. गंगव्वा पूर्वी त्यांच्याकडे कामाला होती. तिनेच फोन केला होता. सोबत यजमान गुंडूराव. सर्जापूर रोड गाठायला रिक्षाला दीड तास लागला आणि तेवढ्यात गुंडूरावांनी चोर पकडलासुद्धा. गंगव्वाच. दाराने स्वतः सांगितलंय म्हणे.

दार खरंच बोलकं होतं. किल्ली नाही, काचेवर आकडे उजळतात, आपला कोड दाबायचा. प्रत्येकाचा कोड वेगळा, त्यामुळे कोण कधी आलं ते मालकाच्या मोबाईलवर उमटतं. आत्ता मात्र चपलांचा स्टँड लावून ते सताड उघडं ठेवलं होतं. आत गंगव्वा जमिनीवर बसली होती. सोफा रिकामा होता.

शाल्मलीच्या नवऱ्याने, अद्वैतने, मोबाईलवरची नोंद वाचून दाखवली. साडेआठला दोनदा चुकीचा कोड. अकरा वीसला 'गंगव्वा', पहिल्याच झटक्यात. तेव्हा घरात कोणी नव्हतं. संध्याकाळी तो आणि शाल्मली एकत्रच परतले, दार त्याने मोबाईलवरून उघडलं. कपाटात तन्मणी नव्हता. शाल्मलीने सोसायटीच्या ॲपवर गंगव्वाच्या नावापुढे लाल खूण केली. उद्यापासून तिला फाटकातून प्रवेश बंद. ती खूण बघून बाकीच्या चार घरांनीही तिला तासाभरात काढून टाकलं. चौकशी कोणी केली नाही. ॲपमध्ये तशी सोय नव्हती.

वीणाक्कांनी एकेकाला बाल्कनीत बोलावलं.

पहिला मल्हार, अद्वैतचा धाकटा भाऊ, बेळ्ळंदूरला राहणारा. रविवारी लॉक बसलं तेव्हा सगळ्यांचे कोड त्यानेच घातले होते. त्यानंतर तो इकडे फिरकला नव्हता. आत्ता बातमी कळली म्हणून आला, तो उघड्या दारातून थेट आत. पुढच्या महिन्यात मैत्रेयीशी लग्न, आजचा दिवस दोघांचे फोटो काढण्यात गेला होता.

"काकू, बाई पोचलेली आहे," तो म्हणाला. "ते आकडे दर वेळी इकडचे तिकडे होतात, आपल्यालाही शोधावे लागतात. हिने पहिल्या झटक्यात उघडलं."

शाल्मली तणतणतच आली. आजीचा तन्मणी ती कुणालाच देत नसे. मैत्रेयीने फोटोंसाठी मागितला तेव्हाही दिला नव्हता. आणि गंगव्वाचं म्हणाल तर कोड देऊनही आज सकाळी बेल वाजवत बसली. मीटिंग सोडून आतून दार उघडावं लागलं. दहाला गंगव्वा गेली, साडेदहाला शाल्मली.

अद्वैतला एकच आठवलं. बोटांच्या ठशांवरून कुणाला कोड कळू नये म्हणून आकड्यांच्या जागा दर वेळी बदलायची सोय त्याने मंगळवारी रात्री चालू केली होती. सांगायचं राहून गेलं, शाल्मलीलासुद्धा.

मग वीणाक्का आत आल्या, गंगव्वाला हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि सगळ्यांसमोर तिला कोड विचारला.

गंगव्वाने टीपॉयवर बोट टेकवलं. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. "आकडे येत नाहीत, अक्का. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं ध्यानात ठेवलंय. आज तेच दोनदा दाबलं. उघडलं नाही, म्हणून बेल वाजवली."

"म्हणजे विसरली," गुंडूराव म्हणाले.

"तुम्ही स्वल्प गप्प बसा. ती विसरली नाही, आकडे हलले. साडेआठला जिला दार उघडेना, तिने अकरा वीसला एका झटक्यात कसं उघडलं? उघडणाऱ्याला आकडे वाचता येत होते, आणि तिचा कोडही ठाऊक होता." वीणाक्का मल्हारकडे वळल्या. "कोड तूच घातलेस. आकडे जागा बदलतात हे अद्वैतने कुणालाच सांगितलं नव्हतं. रविवारी ते हलत नव्हते आणि आत्ता तू उघड्या दारातून आलास. मग तुला ते शोधावे कधी लागले?"

मल्हारने अद्वैतकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला. त्यात सुटे मोती होते.

मैत्रेयीची हौस होती. दुपारपर्यंत परत ठेवणार होता. दोरा तुटला.

"तिचा कोड कशाला वापरलास?"

"माझं नाव आलं असतं ना."

"आणि तिचं आलं ते?"

"तिला काय काकू, दुसरीकडे काम मिळालं असतं."

शाल्मलीने घाईने मोबाईल उचलला. खूण काढते म्हणाली, ग्रुपवर सॉरीही टाकते.

गंगव्वा उठली. "फोनवर नको, ताई. चार घरं आहेत. तुम्ही चला, ह्या मल्हारदादांनाही घ्या. माझ्यासमोर तोंडाने सांगायचं."

शाल्मली म्हणाली, उद्या सकाळी जाऊ.

"आत्ता."

पहिलं घर आठव्या मजल्यावर होतं. दार उघडलं, तसा मल्हार जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटू लागला.

"वर बघून," गंगव्वा म्हणाली. "आणि पहिल्यापासून."