थंड इंजिनाचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

मी एका प्रयोगशाळेत तापमापी तपासते. लोक आपापले तापमापी पाठवतात आणि ते खरं दाखवतात की खोटं, हे मी लिहून देते. एकोणीस वर्षं हेच काम. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही, ही सवय अंगात मुरली आहे. पुढचं सगळं माझ्या वहीत आहे. वेळ, आकडे, सगळं. पदरचं काहीच नाही.

शनिवार होता. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. जागा, आमच्या घराच्या तळमजल्यावरचं दादाचं गॅरेज.

पण त्याच्या आधीचं थोडं सांगावं लागेल.

माझा मोठा भाऊ जुन्या मोटरसायकली दुरुस्त करतो. हवेवर थंड होणारी इंजिनं ही त्याची खासियत. या इंजिनांभोवती पाणी नसतं, त्यामुळे आतला बारीकसा आवाजही बाहेर येतो. नवीन मालक घाबरतात. मग दादा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. झडपा उघडणाऱ्या टॅपेटची टकटक. गार पिस्टनचा खडखडाट. इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांचा झणकार. सगळं ऐकून झालं की खडूने पेट्रोलच्या टाकीवर एकच शब्द लिहितो.

'ठीक'.

तो शब्द बघून माणूस निर्धास्त घरी जायचा.

"बोलणारं इंजिन चांगलं," दादा म्हणायचा. "भीती गप्प बसणाऱ्याची. आमच्या घरातही एक नमुना आहे."

नमुना म्हणजे मी. शनिवारी मी खाली बसून त्याच्या पावत्या लावायचे. कुणी फारच शंका काढल्या की तो हाक मारायचा, "मास्तरीणबाई, यांना जरा शास्त्र सांगा."

घड्याळजींनाही मीच शास्त्र सांगितलं.

कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "गाडी बंद केली की टिक... टिक... करते हो."

मी समजावलं. तापलेला धातू थंड होताना आकसतो, जागच्या जागी सरकतो, त्याचा आवाज येतो. आधी भराभर, मग हळूहळू विरळ.

"तुमच्या घड्याळाची चावी संपत येते ना, तसंच," दादा म्हणाला. घड्याळजी हसले आणि गेले.

दुसऱ्यांदा आले तेव्हा दादाने सगळं इंजिन कानाखालून घातलं. टाकीवर 'ठीक' लिहिलं.

तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात एक घडी घातलेली चिठ्ठी होती.

"ताई, तुम्ही म्हणता आवाज विरळ होतो. पण माझा तर... आणि सकाळी सुद्धा..."

मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. हे मला आज लिहावं लागतंय.

मी म्हणाले, "घड्याळजी, दिवसभर चाळीस घड्याळं तुमच्या कानाशी असतात. टिकटिक कानातच बसली असेल."

दादा खो खो हसला. घड्याळजींनी चिठ्ठी खिशात ठेवली. "बरं," म्हणाले.

सहाव्या दिवशी ते गेले.

भर दुपारी, सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. गाडी घसरली आणि त्यांचं डोकं दुभाजकावर आपटलं. गाडीला फक्त चार ओरखडे.

त्यांच्या बायकोने गाडी आमच्याकडेच पाठवली. निरोप एवढाच, "इंजिनात काय बिघडलं होतं, तेवढं सांगा."

टाकीवर अजून 'ठीक' होतं. त्यांनी ते पुसलंच नव्हतं.

दादा एकाच विचारात अडकला. धावत्या गाडीचं इंजिन एकाएकी जाम झालं तर मागचं चाक अडकतं आणि गाडी घसरते. तसंच झालं असेल तर? आधी आवाज आला असणार. आणि तो आवाज त्याच्या कानातून सुटला होता.

"माझ्या हातून माणूस मेला का गं?" एवढंच तो विचारायचा.

तो शनिवार. गाडी येऊन चार दिवस झाले होते. चार दिवसांत तिला कुणी चावी लावली नव्हती. दादा दुसऱ्या टोकाला एक चाक खोलत होता. मी पावत्या लावत होते.

टिक...

मी मान वर केली. मिनिटभर कान दिला.

काहीच नाही.

टिक...

घड्याळजींच्या गाडीतून.

"दादा, ऐकलंस?"

"काय?" तो हातातलं थांबवून तिथूनच कान देत उभा राहिला.

टिक...

"आत्ता!"

तो जवळ आला. स्क्रूड्रायव्हर टेकवला. डोळे मिटले. आवाज तीनदा झाला, माझ्या हाताएवढ्या अंतरावर... आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मला नाही येत गं ऐकू," तो म्हणाला. लहान मुलासारखा. "माझा कान गेला का?"

मी बॅगेतून तापमापी काढला. त्याचं टोक इंजिनाच्या पट्ट्यांना लावलं. एकतीस. खोलीचं तापमानही एकतीस. म्हणजे इंजिन थंडगार. थंड इंजिनाला आकसायला काही उरलेलंच नसतं. तो आवाज होऊच शकत नाही.

मी मोबाइलवर वेळ लावली आणि मोजायला लागले. दोन आवाजांमधलं अंतर बावन्न सेकंद. मग एकोणपन्नास. मग पंचेचाळीस. बेचाळीस...

आवाज विरळ होत नव्हता. दाट होत होता.

धातू थंड होण्याची क्रिया तिथे उलटी चालली होती. जणू ते इंजिन मागे मागे जात होतं... ज्या क्षणी ते बंद झालं, त्या क्षणाकडे.

अठरा. पंधरा. बारा. नऊ.

मग थांबलं.

गॅरेजमध्ये तापलेल्या ऑइलचा वास आला.

"अजून एकतीसच," मी म्हणाले. दादाने न राहवून इंजिनावर हात ठेवला... आणि किंचाळून मागे सरला.

तापमापी एकतीस दाखवत होता. दादाच्या तळहातावर पट्ट्यांच्या पाच रेघा उठल्या होत्या. लाल. रात्री त्यांचे फोड झाले.

सोमवारी मी तो तापमापी प्रयोगशाळेत तपासला. पाव अंशाचाही फरक नव्हता.

दादाने पट्टी बांधलेल्या हाताने इंजिन खोललं. दोन दिवस लागले. पिस्टन आरशासारखा. ऑइल भरपूर. कुठे ओरखडा नाही, कुठे जळल्याची खूण नाही.

इंजिन खरंच ठीक होतं.

तेवढ्याने दादाचं समाधान होईल असं मला वाटलं होतं. तो सुट्या भागांसमोर स्टुलावर बसून राहिला. "काहीतरी सापडायला हवं होतं गं," म्हणाला. "चूक सापडली असती तर निदान माफी तरी मागितली असती."

वहिनी, म्हणजे घड्याळजींची बायको, बुधवारी आल्या. दादाने खाली मान घालून सांगितलं, काही बिघाड नव्हता.

त्यांनी सुट्या भागांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग ते रोज सकाळी काय ऐकायचे?"

"सकाळी?" मी विचारलं.

"हो ना. रात्रभर गाडी अंगणात उभी. सकाळी हे तिच्याजवळ उकिडवे बसायचे, हातात घड्याळ. म्हणायचे, थंड गाडी वाजतेय. मला कधी ऐकू नाही आलं हो. तुम्हाला सांगणार होते ते. सांगितलं नाही का?"

दादाने माझ्याकडे बघितलं.

वहिनींनी पर्समधून चिठ्ठी काढली. घड्याळजींच्या शर्टाच्या खिशात सापडलेली. बारीक, सुबक अक्षर. चौदा दिवसांच्या तारखा आणि पुढे एकेक आकडा.

पहिला बावन्न. मग एकोणपन्नास. मग पंचेचाळीस.

मी वर जाऊन वही आणली. मी एका संध्याकाळी मोजलेले आकडे त्यांनी चौदा सकाळी मोजले होते, दिवसाला एक. सगळे तेच. शेवटचा नऊ. त्यासमोरची तारीख ते गेले त्या दिवसाची.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा चिठ्ठीवर आठ आकडे होते. मी ती नुसती उघडून बघितली असती तरी...

तरी काय केलं असतं? हेही मला माहीत नाही.

वहिनींनी चिठ्ठी परत मागितली नाही. गाडीही नेली नाही. तिचे भाग अजून केरोसीनच्या ट्रेमध्ये पडून आहेत. त्यांतून पुन्हा कधी आवाज आला नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मी खाली गेले. दादाची स्वतःची मोटरसायकल जिन्याखाली उभी असते. रात्रभर उभी होती. मी हात लावून बघितला. गार.

टिक...

मी हलले नाही. मोजलं.

बावन्न.

दादा मागून आला. "काय गं? आवाज येतोय का?" हातात खडू होता. आताशा 'ठीक' लिहायचं की नाही, ते तो माझ्या कानावर ठरवतो.

क्षणभर मला खोटं बोलावंसं वाटलं.

"येतोय," मी म्हणाले.

त्याने चावी माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून तो बसने फिरतो. गाडी जागची हललेली नाही. पेट्रोल काढून टाकलंय, बॅटरी काढून ठेवलीय, प्लगची वायरसुद्धा तोडलीय.

आज बारावी सकाळ. पंधरा सेकंद.

चिठ्ठीवर अजून दोन ओळी उरल्यात. गाडी बंद आहे, चावी माझ्याकडे आहे, दादा घरात झोपलाय. मी सगळं केलंय. आणखी काय करायचं, ते कुणी सांगू शकेल का?

घड्याळजी बहुतेक तेवढंच विचारायला आले होते.

आणि एक गोष्ट मी दादाला सांगितलेली नाही. घड्याळजींच्या घरात आवाज एकालाच ऐकू यायचा. ज्याला यायचा, तोच गेला.

आमच्याही घरात तो एकालाच येतो.